तिथे दाबू नका

"तिथे दाबू नका," असे त्या म्हणाल्या तोपर्यंत माझा अंगठा भिंतीवर टेकला होता. कॅरव्हानच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या खोलीच्या आत, पुढच्या खिडकीच्या चौकटीखाली साधारण वीतभर अंतरावर, भिंतीवरचा कागद बाकीच्या कागदापेक्षा थोडा पिवळट दिसत होता आणि हाताला किंचित गार लागत होता. मी दाबले. अंगठा जरासा आत गेला, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा, आणि आत काहीतरी बारीक कुरकुरले. मी वळून पाहिले. कॅरव्हान विकणाऱ्या त्या बाई दाराच्या पायरीवर उभ्या होत्या, एक हात चौकटीवर टेकलेला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यात राग नव्हता, घाबरल्याची खूणही नव्हती. घरातल्या माणसाच्या दुखऱ्या गुडघ्याला कुणी हात लावू लागले की आपण जसे सांगतो, तसे त्यांनी सांगितले होते. या गोष्टीला आता दीड वर्ष होईल. ती कॅरव्हान आमची झाली, तिने आम्हाला पुष्कळ फिरवले, तो कोपराही आम्ही उघडून नव्याने बांधला. तरीही रात्री आडवे पडल्यावर त्या भिंतीकडे माझे लक्ष गेले की ते तीन शब्द आधी ऐकू येतात.

कॅरव्हान घ्यायची हे मनात फार वर्षांपासून होते, पैसे मात्र बेताचे होते. नवी घेण्याचा प्रश्नच नव्हता आणि जुन्यांपैकी आम्हाला परवडतील अशा होत्या त्या वीस-बावीस वर्षांच्या, दोन-तीन मालकांच्या हातांखालून गेलेल्या. पहिला महिनाभर आम्ही एकही कॅरव्हान पाहिली नाही. आधी स्वतःची गाडी पाहिली. हे मुद्दाम सांगते, कारण मन उलट्या क्रमाने धावते. आधी एखाद्या कॅरव्हानच्या पडद्यांवर, खिडकीपाशी बसायच्या जागेवर जीव जडतो आणि मग आपली गाडी तिला ओढू शकेल का, हा प्रश्न नको त्या पाहुण्यासारखा दारात उभा राहतो. आमच्या गाडीचे स्वतःचे वजन १,४०० किलो. नवख्या माणसाने सामानासकट कॅरव्हानचे वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असा या क्षेत्रातल्या जाणत्यांचा सल्ला असतो. म्हणजे आमच्यासाठी १,१९० किलो. गाडीच्या कागदपत्रांत ओढण्याची मर्यादा याहून बरीच मोठी लिहिलेली होती आणि सुरुवातीला मला वाटले की आपल्याला उगाचच भिववले जात आहे. पण त्या दोन आकड्यांचे प्रश्न वेगळे आहेत. कागदावरचा आकडा गाडी काय ओढू शकते ते सांगतो आणि ८५ टक्क्यांचा हिशेब मागचे वजन गाडीला कितपत ढकलू शकते याची काळजी घेतो. मला ओढण्याची चिंता नव्हतीच. ढकलले जाण्याची होती, आणि ती रास्त होती हे पुढे कळले.

कॅरव्हानलाही स्वतःचे दोन आकडे असतात, ते दाराजवळच्या पत्र्यावर कोरलेले असतात. एक रिकाम्या कॅरव्हानचे वजन आणि दुसरे तिने जास्तीत जास्त पेलायचे वजन. या दोघांमधला फरक म्हणजे आपला सगळा संसार. आम्ही शेवटी घेतली तिचे हे आकडे ९०० आणि १,१०० होते, म्हणजे आमच्या हाती २०० किलो. त्यात बॅटरी, गॅसची टाकी, बाहेर लावायचा तंबू, अंथरुणे, भांडी, कपडे, खुर्च्या सगळे आले. पाण्याची टाकी ४० लिटरची आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून ती प्रवासात रिकामी ठेवायची आणि पोहोचल्यावर भरायची. दोन आठवडे आमच्या घरात वजनकाटा मधल्या खोलीत होता. भांड्यांची पेटी ११ किलो भरली, तंबू त्याच्या दांड्यांसह २६. मी पुस्तकांची पिशवी काट्यावर ठेवली आणि तिच्यातली निम्मी पुस्तके परत कपाटात ठेवली. आपल्या गरजेच्या वस्तू अशा एकेक करून तोलताना आलेले मौन मला अजून आठवते. आणखी एक गोष्ट आम्ही शहाणपणाने केली. ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा खरेदीच्या आधीच बाजूला काढला. गाडीला मागे कॅरव्हान अडकवायचा टो-बार आणि दिव्यांची वायर बसवायची होती, कॅरव्हानच्या रुंदीपलीकडचे दिसावे म्हणून जास्तीचे आरसे घ्यायचे होते आणि जुन्या कॅरव्हानला टायर व बॅटरी लागणारच हे गृहीत धरले होते. हा चौथा हिस्सा नसता तर कॅरव्हान वर्षभर अंगणातच उभी राहिली असती.

त्या आधी पाहिलेल्या चार कॅरव्हानबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. दोघींचे वजन जास्त होते, एकीच्या एक्सलजवळचा, म्हणजे दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याजवळचा, पत्रा गंजून पापुद्रे सुटले होते, चौथीची जमीन दारापाशी टाचेखाली लवत होती. पण त्या चौघींनी मला वास ओळखायला शिकवले. जुनी कॅरव्हान पाहायला जाताना मालकाला आधी सांगावे की खिडक्या उघडून ठेवू नका, आणि आत शिरल्यावर दार लावून, काही न बोलता मिनिटभर नुसते बसावे. लाकडात मुरलेल्या ओलीचा वास धुळीच्या किंवा बंदपणाच्या वासासारखा नसतो. तो घशात खाली उतरतो, तळघरात ठेवलेल्या जुन्या वह्यांसारखा. ओल हाच जुन्या कॅरव्हानचा खरा आजार. बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत तीन मिलिमीटरचा प्लाय, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि फोम, अशी तिची भिंत असते. पत्र्यांचे सांधे ज्या लुकणाने बंद केलेले असतात ते वर्षांनुवर्षे ऊन खाऊन वाळते आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या सांध्यांना थोडा पीळ देतो. मग एखाद्या स्क्रूच्या भोवती केसाएवढी वाट होते आणि पावसाला तेवढी पुरते. पाणी एका ठिकाणाहून आत येते आणि लाकडाच्या आधाराने सरकत भलत्याच ठिकाणी दिसते, म्हणून डागाच्या जागेला दोष देऊन भागत नाही.

आम्ही ओल मोजायचे एक छोटे यंत्र मागून आणले होते. दोन सुया भिंतीला टेकवायच्या आणि आकडा वाचायचा. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, २० च्या पुढे लक्ष द्यावे लागते, ३० च्या पुढे आतले लाकूड कुजू लागल्याची शंका घ्यावी. त्या बाईंच्या कॅरव्हानमध्ये मी दारापासून सुरुवात करून सगळ्या भिंती, कपाटांच्या आतले कोपरे, छताची कड असे फिरत आले आणि आकडे सगळीकडे १२, १३, १४ असे येत होते. चाके पाहिली, टायरवर कोरलेल्या शेवटच्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात आणि हे टायर अकरा वर्षांचे होते. त्यांची नक्षी जवळजवळ नवी होती, पण बाजूच्या रबरावर सुरकुत्या होत्या. कॅरव्हानचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. ते बदलावे लागणार हे आम्ही धरूनच आलो होतो. सगळे मनासारखे जुळत होते. ते जुळत आल्यामुळेच असेल, त्या शेवटच्या कोपऱ्याशी पोहोचल्यावर मी यंत्र बाजूला ठेवून अंगठा लावला.

नंतर सुया टेकवल्या. ३१.

पुढचा अर्धा तास मी विसरू शकत नाही, कारण त्यात मी जे केले ते चुकीचे नव्हते आणि तरी ते मला आवडत नाही. मी तो आकडा त्यांना दाखवला. आतले लाकूड गेले असेल, बाहेरून पट्टी काढावी लागेल, प्लाय कापावा लागेल, हे सगळे मी शांतपणे आणि अचूक सांगितले. वाचून आले होते तसेच सांगितले. त्यांनी मान हलवली. आम्ही किंमत पाचव्या हिश्श्याने कमी करून सांगितली आणि मनात धरले की त्या या कपातीच्या अर्ध्यावर येतील. त्यांनी घासाघीस केली नाही. "चालेल," म्हणाल्या, आणि आत जाऊन कागद घेऊन आल्या. ज्याच्याशी झटायचे म्हणून अंगात बळ आणावे त्याने बाजूला होऊन वाट द्यावी, तसे मला झाले. पती वारल्याला तीन वर्षे झाली आणि तेव्हापासून कॅरव्हान निघालेली नाही, एवढेच त्यांनी सांगितले, तेही टायर का बदलले नाहीत याचे कारण म्हणून. कागदांच्या पाकिटात गेल्या सोळा वर्षांच्या सगळ्या पावत्या तारखांनुसार लावलेल्या होत्या.

न्यायला आम्ही दोन आठवड्यांनी गेलो, नवे टायर आणि सगळी तयारी घेऊन. जोडणी कशी करायची हे मला चित्रांवरून माहीत होते, पण त्यांनी शेजारी उभे राहून करवून घेतले. पुढचे छोटे चाक फिरवत कॅरव्हानचे नाक गाडीच्या मागच्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर उतरवायचे. कडी बसल्याचा आवाज झाला आणि हिरवी खूण दिसली की माणसाला वाटते झाले. "अजून नाही," त्या म्हणाल्या. तेच चाक उलटे फिरवून कॅरव्हान वर उचलून पाहायची. तिच्याबरोबर गाडीचा मागचा भाग उचलला गेला तरच कडी खरी बसली. मग त्यांनी ती बारीक तार दाखवली जी एका टोकाला कॅरव्हानच्या हँडब्रेकला आणि दुसऱ्या टोकाला गाडीला अडकवायची असते. जोडणी तुटून कॅरव्हान सुटलीच, तर ताणली जाताना ती तार हँडब्रेक ओढते आणि मगच तुटते. ही तार गोळ्याभोवती नुसती टाकायची नाही, तिच्यासाठी असलेल्या कडीतच अडकवायची, हे त्यांनी दोनदा सांगितले. आमच्या गाडीचे ब्रेक मागच्या कॅरव्हानला कसे लागणार, असा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला, तेव्हा त्यांनी खाली वाकून दांड्यावरचा रबरी कोट दाखवला. गाडी मंदावली की कॅरव्हान आपल्या वेगाने तिला ढकलते, त्या ढकलण्याने हा दांडा आत सरकतो आणि खालच्या सळईला ओढून कॅरव्हानच्या चाकांचे ब्रेक लावतो. म्हणजे पुढच्याला दिलेला धक्काच मागच्याला थांबवतो. मला ती रचना इतकी आवडली की मी तो दांडा हाताने दाबून पाहायला गेले. अर्थात तो हलला नाही.

त्यांच्या अंगणातून बाहेर पडायला थोडे मागे घ्यावे लागत होते. त्या आपणहून मागे गेल्या, कुंपणापाशी जागा घेतली, दोन्ही हात वर केले. जास्तीच्या आरशात मला त्यांचा पूर्ण चेहरा दिसत होता. त्यांनी हात कधी एकमेकांजवळ आणले, कधी एकच तळवा हलवला, आणि मी काय करते आहे हे मला नीट समजण्याआधी आम्ही रस्त्यावर होतो. निघताना मी आरशात पाहिले तेव्हा त्यांचे हात अजून वर होते.

शहर मागे पडले, रस्ता मोकळा झाला आणि मी ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत गेले. कॅरव्हान ओढताना पहिल्यांदा जाणवते ते वजन नव्हे, उशीर. निघताना उशीर, थांबताना उशीर, वळणावर तर ती आतली कड कापत येते, म्हणून वळण नेहमीपेक्षा पुढे जाऊन रुंद घ्यावे लागते. याची सवय होत होती. इतक्यात एक मोठा ट्रक शेजारून पुढे जाऊ लागला. त्याच्या तोंडापुढची हवा आधी आम्हाला बाजूला लोटते आणि मग त्याच्या अंगालगतची हवा आत ओढते, हे वाचले होते. अंगावर घेणे वेगळे. कॅरव्हान आधी एका बाजूला झुकली, मग दुसऱ्या, आणि ट्रक निघून गेल्यावरही ती हेलकावे घेत राहिली, प्रत्येक हेलकाव्याबरोबर गाडीचे शेपूट हलवत. सापासारखे वळवळणे म्हणतात ते हेच. त्या क्षणी पाय ब्रेककडे धावतो आणि हात चाक उलटे फिरवायला धावतात, आणि दोन्हींनी ते वाढते. मी हात घट्ट, सरळ धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि वेग आपोआप उतरू दिला. सत्तर, साठ, पन्नास. हेलकावे विरले. कडेला थांबल्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. मग मी कॅरव्हानचे दार उघडले आणि चूक समोरच होती. तंबूची २६ किलोची पिशवी, जुने दोन टायर आणि त्या बाईंनी दिलेली अवजारांची लोखंडी पेटी आम्ही सोयीसाठी सगळ्यात मागच्या बाकाखाली ठेवली होती.

उलाळ. हा शब्द मला त्या रस्त्याच्या कडेला आठवला, किती तरी वर्षांनी. माझे आजोबा बैलगाडी भरायला उभे असत तेव्हा गाडीवान पोत्यांची थप्पी कुठे लावतो याकडे त्यांचे लक्ष असे, किती लावतो याकडे कमी. मागे जास्त ओझे झाले की जू वर उचलले जाते, बैलांचा गळा आवळतो, गाडी उलाळ होते. पुढे जास्त झाले की सगळा भार बैलांच्या खांद्यांवर येतो, तेव्हा ती धुरजड. या दोन टोकांच्या मधली जागा ते धुरेखाली तळहात लावून ओळखत. मी लहान होते, मलाही एकदा त्यांनी हात लावायला सांगितला होता, आणि लाकडाचा तो गार, गुळगुळीत भाग माझ्या तळव्यावर फार हलका टेकला होता. "एवढं असावं," ते म्हणाले होते. कॅरव्हानच्या बाबतीत यालाच नाकावरचे वजन म्हणतात आणि त्याला आकडा आहे: भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के, आमच्यासाठी ५५ ते ७७ किलो. शिवाय गाडीच्या गोळ्याची स्वतःची मर्यादा असते, आमची ७५ किलो. घरी पोहोचल्यावर आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा नाकाखाली ठेवला, मध्ये लाकडाचा एक दांडका उभा केला आणि त्या दिवशी प्रवासात होते तसे सगळे सामान पुन्हा मागे रचून पाहिले. काटा २८ वर थांबला. मग तंबू आणि पेटी एक्सलच्या वर, जमिनीवर आणली, हलके कपडे वरच्या कपाटांत नेले, भांडी चाकांच्या किंचित पुढे. ६८. एकूण वजन एका किलोनेही बदलले नव्हते. मी काट्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते आणि नाकाच्या खाली तळहात लावून पाहावासा वाटत होता. अर्थात ६८ किलो तळहातावर घेता येत नाहीत. तरी मी हात लावला, नुसता बाजूने.

आपल्याकडे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण ओढण्याचे बिऱ्हाड पाठीवर नसते, पाठीमागे असते, आणि हा फरक फार मोठा आहे. पाठीवरचे आपल्या तोलाने हलते. पाठीमागच्याला स्वतःचा तोल असतो. कॅरव्हान हा शब्द मूळ फार्सी कारवानावरून आला. तेथे त्याचा अर्थ वाळवंटातून एकत्र निघालेला तांडा. माणसे, जनावरे, पुढे वाटाड्या, मागे राखण. पुढे युरोपात तो शब्द झाकलेल्या गाडीला लागला, त्याचेच शेपूट तोडून व्हॅन झाले, आणि शेवटी तो एका चाकांवरच्या खोलीचे नाव होऊन बसला. तांडा गेला, खोली उरली. हौसेखातर अशा खोलीतून फिरणाऱ्या पहिल्या माणसांत गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या स्कॉटिश डॉक्टरांचे नाव घेतात. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाची कॅरव्हान बांधून घेतली, सुमारे दोन टनांची, दोन घोड्यांनी ओढायची, आणि तिच्यातून ते इंग्लंडच्या दक्षिणेकडून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हान विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली. या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा तपशील वाँडररचाच आहे. डॉक्टरांचा एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जात असे, येणाऱ्यांना सावध करायला, अरुंद रस्ता मोकळा आहे का पाहायला. एवढी महोगनी लाकडाची देखणी खोली, दोन उमदे घोडे, आणि तरी तिला बाहेर उभे राहून पाहणारा एक माणूस लागत होताच.

कोपरा उघडायला आम्ही कोरडे महिने येण्याची वाट पाहिली. मी स्वतः प्लाय कापला, धारदार सुरीने, पट्टी लावून, हळूहळू. आतला फोम ओल्या स्पंजासारखा निघाला. खालची लाकडी पट्टी काळी पडली होती आणि बोटांनी तिचे तुकडे होत होते, चहाच्या ओल्या चोथ्यासारखे. तो वास पुन्हा घशात उतरला. पण वरच्या बाजूची पट्टी चांगली होती, तुलनेने नवी, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने लिहिले होते. दोन तारखा, त्यांच्यात पाच वर्षांचे अंतर. खाली वरच्या दिशेने काढलेला एक बाण. बाणाशेजारी "वरून ४". अक्षर छोटे आणि नीट, पावत्यांच्या पाकिटावरचेच.

आम्हाला त्याचा अर्थ लगेच कळला नाही. आतल्या पट्टीचे माप असेल असे वाटले. दुसऱ्या दिवशी नवरा शिडीवर चढून बाहेरची ॲल्युमिनियमची पट्टी, जिच्यात तंबूची कड सरकवतात ती, सोडवू लागला तेव्हा त्याने वरून स्क्रू मोजले. तीन घट्ट होते. चौथा बोटाने फिरला. पट्टी काढल्यावर त्या एकाच छिद्राभोवतीचे लुकण भुकटी झालेले दिसले. बाकी सगळीकडे ते अजून लवचिक होते. पाणी त्या चौथ्या स्क्रूपाशी शिरून जवळजवळ दोन हात खाली सरकत खिडकीखाली येत होते. पट्टीला तिथेच किंचित वाक होता आणि तंबू ताणला की सगळा जोर त्याच स्क्रूवर येत असणार. म्हणजे त्या गृहस्थांनी हे दोनदा दुरुस्त केले होते आणि तिसऱ्या वेळी येणाऱ्यासाठी, बहुधा स्वतःसाठीच, खूण लिहून ठेवली होती. आम्ही लाकूड तीन आठवडे वाळू दिले, कुजलेले कापून नवी पट्टी बसवली, जुनी छिद्रे बुजवली, पट्टीचा वाक काढला, सगळीकडे नवे लुकण भरून न गंजणारे स्क्रू लावले. वरच्या लाकडाला हात लावला नाही. सगळ्या साहित्याचा खर्च आम्ही किमतीतून कमी करून घेतलेल्या रकमेच्या आसपासही गेला नाही.

तिथे दाबू नका, हे त्यांनी का म्हटले असेल? दोष लपवायचा होता, हे एक उत्तर आहे आणि विकत घेणाऱ्याने तेच धरावे. दुसरे उत्तर त्या पेन्सिलीच्या अक्षरांत आहे. त्या कोपऱ्यात त्यांच्या माणसाचे हात दोनदा जाऊन आले होते. मला वाटते दोन्ही खरे असू शकते, एकाच श्वासात. किंमत कमी करताना मी पहिलेच धरले, आणि ज्याच्याकडे पैसे थोडे असतात त्याला बहुतेक वेळा पहिलेच धरावे लागते. हे मला माझ्या बाजूने सांगता येते. तरी पैसे परत करावेत असे अनेकदा मनात आले, आणि प्रत्येक वेळी काहीतरी खर्च पुढे उभा राहिला.

मागे घ्यायला शिकण्यात आमचा एक उन्हाळा गेला. चाक डावीकडे फिरवले की कॅरव्हान उजवीकडे जाते, एवढे तर कुणीही सांगते. पण समजणे आणि हातात येणे यांत मोकळ्या मैदानातल्या कित्येक संध्याकाळी आहेत. चाकाच्या तळाशी हात धरायचा आणि कॅरव्हानचे शेपूट ज्या बाजूला हवे त्या बाजूला हात न्यायचा, ही युक्ती सापडल्यावर माझ्या डोक्यातला उलटसुलट हिशेब थांबला. थोडेसे वळवायचे, लगेच सरळ करायचे, बिघडले तर पुढे येऊन पुन्हा सुरुवात करायची. नवरा मागे उभा राहायचा, हात हलवायचा, मला दिसायचा नाही, आणि मग मी गाडीतून ओरडायचे आणि तो बाहेरून. घरी आम्ही एकमेकांशी इतक्या कडक आवाजात कधी बोललो नाही.

पावसाची पहिली रात्र आम्ही एका टेकडीच्या पायथ्याशी काढली. संध्याकाळी बाजूंचा तोल साधायला एका चाकाखाली उतरती फळी घातली, मग पुढचे चाक फिरवून मागचा-पुढचा तोल साधला. आतला फ्रीज गॅसच्या उष्णतेवर चालतो आणि कॅरव्हान कलती असेल तर तो गार होत नाही, हे आधीच्या सहलीत अनुभवले होते. दहाच्या सुमारास पाऊस सुरू झाला. पत्र्यावरचा पाऊस घराच्या छपरावरच्या पावसासारखा वाजत नाही. तो डोक्यापासून हातभर अंतरावर असतो, प्रत्येक थेंब वेगळा. मी अंधारात ओल मोजायचे यंत्र शोधले आणि कोपऱ्याला सुया टेकवल्या. १३. पहाटे पुन्हा टेकवल्या. १३.

सकाळी मी त्यांना फोन केला. पैशांबद्दलचे वाक्य मनात जुळवून ठेवले होते. आधी कोपरा कोरडा आहे हे सांगितले, मग लाकडावरच्या खुणेबद्दल, चौथ्या स्क्रूबद्दल.

"चौथाच आहे तो," त्या म्हणाल्या. "मीच मोजून सांगितला होता. हे आत होते, मी शिडीवर."

मी काही बोलू शकले नाही. पैशांचे वाक्य तसेच राहिले. त्यांनीही थोडा वेळ घेतला आणि मग विचारले, "मागे घेताना कोण उभं राहतं गं?"

"माझा नवरा."

"त्यांना तुझा आरसा दिसतो?"

"दिसत असेल."

"आरसा नाही. आरशात तुझं तोंड दिसलं पाहिजे त्यांना. नाहीतर हात हलवून काय उपयोग? यांना मी दिसायचेच नाही आधी. मग एकदा मी सरकत सरकत कुंपणापर्यंत गेले, तेव्हा दिसले."

दुपारी निघताना पाऊस थांबला होता आणि गवत बसले होते. मी इंजिन सुरू केले, काच खाली केली आणि नवऱ्याला चार पावले बाहेर सरकायला सांगितले. आरशात आधी त्याचा खांदा आला, मग अर्धा चेहरा.

"अजून एक," मी म्हटले.